एक ओळ म्हणजे काय: पिक डेटाबेसमधून रिलेशनल तक्त्यांकडे

डिक पिक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डेटाबेस घराण्यातली जुनी माहिती रिलेशनल, म्हणजे ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यांवर चालणाऱ्या, रिपोर्टिंग प्रणालीत आणायची ठरली, की पहिली चर्चा बहुधा साधनांची होते. माझ्या मते ती नंतर झाली तरी चालते. नव्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे लागते, कारण जुन्या प्रणालीवर हा प्रश्न कधी आलेलाच नसतो.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये प्रत्येक ओळीच्या एका रकान्यात एकच मूल्य अपेक्षित असते. पिकमध्ये, तसेच युनिव्हर्स आणि युनिडेटा या तिच्या वारसांमध्ये, हे बंधन नाही. तिथे, उदाहरणार्थ, अख्खी ऑर्डर हा एक सलग मजकूर असतो. २५४ क्रमांकाचा बाइट त्यातले रकाने वेगळे करतो, २५३ क्रमांकाचा बाइट रकान्यातली अनेक मूल्ये आणि २५२ क्रमांकाचा बाइट त्या मूल्यांचे पोटभाग. (लॅटिन-१ या जुन्या अक्षरसंकेतात हेच बाइट काही युरोपीय भाषांतली अक्षरे आहेत, त्यामुळे एक्स्पोर्ट फाइल कोणी नकळत यूटीएफ-८ या आजच्या अक्षरसंकेतात बदलली, तर ही विभाजकचिन्हे दोन-दोन बाइटांची होऊन बसतात.) ऑर्डर एकाच वाचनात हाती येते, जॉइन, म्हणजे अनेक तक्त्यांची जोडणी, लागत नाही. या रचनेला मागासलेली म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

अडचण क्रमाची आहे. एका रकान्यात सहा मालांचे कोड, दुसऱ्यात सहा नगसंख्या, तिसऱ्यात सहा दर असतात आणि चौथा कोड व चौथा दर यांचे नाते केवळ त्यांच्या स्थानावरून ठरते. आता एखाद्या नोंदीत कोड सहा आणि दर पाचच निघाले, तर शेवटचा दर भरायचा राहिला आहे, की मधला दर विभाजकासकट पुसला गेल्याने पुढचे सगळे एक स्थान अलीकडे सरकले आहेत? फाइलकडे कितीही पाहिले तरी हे कळत नाही; ते ही नोंद लिहिणाऱ्या, बेसिक भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये शोधावे लागते. रकान्यांची माहिती देणारी डिक्शनरी फाइलही इथे पुरेशी नाही, कारण ती रकान्याचे वर्णन करते, त्यावर बंधन घालत नाही, आणि एकाच रकान्याची दोन-तीन वर्णने तिच्यात सुखाने नांदू शकतात.

तारखा त्यामानाने सोप्या आहेत. ३१ डिसेंबर १९६७ हा शून्य दिवस धरून पुढे मोजायचे. म्हणजे ११६८९ हा आकडा १ जानेवारी २००० असतो. रकमा मात्र दशांशचिन्हाविना साठवलेल्या असतात आणि १२५५० हे १२५.५० आहे की १.२५५० हे रूपांतराच्या कोडवर, म्हणजे साठवलेला आकडा कसा दाखवायचा हे सांगणाऱ्या खुणेवर, अवलंबून असते, तेव्हा तो कोड प्रत्येक रकान्यासाठी प्रत्यक्ष तपासावा.

म्हणून मी पहिल्या टप्प्यात कोणतेही रूपांतर करत नाही. नोंदीची किल्ली (तिची ओळख पटवणारा क्रमांक), रकान्याचा क्रमांक, मूल्याचा क्रमांक, पोटमूल्याचा क्रमांक आणि मूळ मजकूर एवढेच एका कच्च्या तक्त्यात उतरवतो आणि पुढचे सगळे नियम त्यावर एसक्यूएल या तक्त्यांच्या प्रश्नभाषेने लावतो. नियम चुकीचा ठरला तरी जुन्या यंत्राकडे पुन्हा जावे लागत नाही. संख्या न जुळणाऱ्या नोंदी वेगळ्या तक्त्यात जातात, आणि त्यांचा निवाडा ती माहिती रोज भरणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून घ्यावा. प्रोग्रॅमरपेक्षा ते अधिक जाणतात.

अंतिम रचनेत ऑर्डरचा एक तक्ता आणि ऑर्डरमधल्या मालाचा दुसरा, असे दोन स्तर वेगळेच ठेवतो. वाहतूकखर्चासारखी संपूर्ण ऑर्डरची रक्कम मालाच्या प्रत्येक ओळीवर उतरली, तर सहा ओळींच्या ऑर्डरमध्ये ती बेरजेत सहापट होते आणि अहवाल वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

ताळमेळ घेताना नोंदींची संख्या जुळणे पुरेसे नाही. महिनावार बेरजा जुन्या अहवालांशी ताडून पाहाव्यात. फरक निघाला म्हणजे नवे चूक असे समजू नये, कारण रद्द झालेल्या ऑर्डरी जुना अहवाल आपल्या प्रोग्रॅममध्येच गाळत असतो, असे अनेकदा आढळते. अशा ऑर्डरी मी तक्त्यात खुणेसह ठेवतो आणि जुन्या अहवालाचा नियम एका स्वतंत्र व्ह्यूमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या क्वेरीत, लिहितो, म्हणजे दोन्ही बेरजा मागता येतात आणि त्यांच्यातला फरक कशामुळे पडला, हे क्वेरीतच वाचता येते.