वसईहून जुन्या गोव्याला: नोव्हेनातला एक दिवस

संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधीचे नऊ दिवस, म्हणजे २४ नोव्हेंबरपासून, जुन्या गोव्यात नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) चालते. सणाच्या दिवशी तुफान गर्दी होते. त्यामुळे कॉलेजला एखादीच सुट्टी टाकता येत असेल, तर नोव्हेनातला कामाचा वार गाठा. मी तेच केलं. रात्री ठाण्याहून कोकणकन्येने निघाले आणि सकाळी करमळीला उतरले. थिवी किंवा मडगावचं तिकीट काढू नका; जुन्या गोव्याला सगळ्यात जवळचं स्टेशन करमळीच, फार तर दोन-तीन किलोमीटर. या दिवसांतलं आरक्षण लवकर संपतं, तेव्हा तिकीट आधीच काढून ठेवा.

आधी मिस्सा (चर्चमधली मुख्य सामूहिक उपासना), मग बाकी सगळं. नोव्हेनाच्या मिस्सा बॉम जीझसच्या बॅसिलिकाच्या, म्हणजे झेवियरची समाधी असलेल्या चर्चच्या, आवारातल्या मांडवात होतात आणि बहुतेक कोकणीत असतात. वसईकराला ती भाषा परकी वाटत नाही. प्रार्थना तर चालीवरूनच ओळखू येतात. माझ्या शेजारी सावंतवाडीकडून चालत आलेल्या एक आजी बसल्या होत्या, पायांना फडकी बांधलेली. "खयसून इलंस गो?" म्हणाल्या. वसईहून म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि शांतिचिन्हाच्या, म्हणजे मिस्सात एकमेकांना शांती देण्याच्या, वेळेपर्यंत सोडला नाही. सिंधुदुर्गातून, बेळगावातून असे कितीतरी जण नवस बोलून पायी येतात. गोंयच्या सायबावरची (झेवियरला इथे असंच म्हणतात) ही माया पुस्तकात वाचून कळत नाही.

मिस्सा झाल्यावर बॅसिलिकात गेले. वेदीच्या उजव्या हाताला सायबाची समाधी आहे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने ती फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराकडून घडवून घेतली आणि १६९८ मध्ये ती इथे उभी राहिली. वरची, सायबाचं पार्थिव असलेली चांदीची पेटी मात्र गोव्यातल्याच कारागिरांची आहे, समाधीच्याही आधीची. पेटी उंचावर असल्याने लोक वर बघतात आणि पुढे सरकतात. तुम्ही खालच्या कांस्यपटांपाशी थांबा. त्यातल्या एकावर सायबाचं सांचियान बेटावरचं मरण आहे: चीनच्या दारात पोहोचलेला, आत जाऊ न शकलेला माणूस. ३ डिसेंबर १५५२. मी तिथेच गुडघे टेकले. पेटी खाली आणून जवळून दर्शन दहा वर्षांतून एकदाच होतं. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. बाहेर येऊन बॅसिलिकाचा दर्शनी भाग नीट पाहा. भिंती जांभ्याच्या, तांबड्या, भोकाभोकांच्या. पण खांब, त्यांच्या बैठका आणि कोरीवकाम काळ्या दगडात आहे, आणि हा बेसाल्ट आणला होता वसईहून. बॅसिलिकाचा पाया १५९४ चा, अभिषेक १६०५ चा. म्हणजे चारशेहून अधिक पावसाळे झेलूनही आपल्या दगडावरची नक्षी धारदार आहे. शेजारच्या जांभ्याच्या कडा मात्र बोथट झाल्यात. वसईच्या किल्ल्यातली आपली चर्चेस छपराविना उभी आहेत, त्यांत वटवृक्ष वाढलेत. इथे त्याच मातीतला दगड रोज घंटा ऐकतो, मिस्सा ऐकतो. मला भरून आलं. वसईतल्या प्रत्येक पॅरिशने (धर्मग्रामाने) आपल्या युवकांना एकदा तरी इथे आणून हे खांब दाखवावेत, असं मला मनापासून वाटतं.

समोरचं से कॅथेड्रल आणि पलीकडचं सेंट कायेतान सगळेच बघतात, त्यावर जास्त लिहीत नाही. दुपारी ऊन उतरलं की होली हिलवर मात्र चढाच. तिथे सेंट ऑगस्टीन चर्चचा ४६ मीटर उंचीचा बुरूज होता, त्यातला अर्धाच उरलाय. १८३५ मध्ये धर्मसंघांना हाकलल्यावर चर्च ओस पडलं आणि पुढे कोसळत गेलं. याच अवशेषांत जॉर्जियाची राणी संत केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. भारताने त्या २०२१ मध्ये तिच्या देशाला दिल्या. जपमाळेची एक माळ म्हणायला याहून शांत जागा मला तरी दिसली नाही.

बाकी व्यवहाराचं थोडं. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. नोव्हेंबर असला तरी ऊन चटके देतं, म्हणून सुतीच. चर्चमध्ये जायला तिकीट नाही. कॅथेड्रलशेजारचं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. मेणबत्त्या आणि नवसाचे मेणाचे हात-पाय दारातच मिळतात, पण मेणबत्त्या आत न लावता बाहेर ठरवून दिलेल्या जागीच लावा. फेरीतून (सणाच्या जत्रेतून) आलं घातलेला गुळाचा खाजा घ्या, घरी पोचेपर्यंत टिकतो. परतीची गाडी रात्रीची असेल तर करमळीसाठी रिक्षा उजेडातच ठरवून ठेवा. अंधार पडल्यावर त्या रस्त्याला वाहन सहज मिळत नाही. पणजीला मुक्काम असेल तर काही अडचण नाही, बस गांधी सर्कलवरून सुटतात.