हरवलेल्या सिरीयल की: तिसरी खेप, नऊपैकी सहा परत

या खेपेला परभणी-सेलू भागातून जमलेले जुन्या पीसी गेमचे नऊ मूळ बॉक्स आहेत. सिरीयल की म्हणजे गेम इन्स्टॉल करताना टाकायचा कोड, इथे नुसतं 'की'. सगळे बिलावर घेतलेले, पण एकाचीही की धड नाही. सोबत दोन जुन्या आयडीई (रुंद पट्टीच्या केबलच्या) हार्डडिस्क, दोन्हींवर विंडोज एक्सपी. आज घडीला सहा की हाती आल्या, एक अर्धवट राहिली, एक कंपनीकडे अडकली आहे. नववा बॉक्स जीटीए व्हाइस सिटीचा. त्याच्या पीसी डिस्कला सिरीयल की लागतच नाही, त्यामुळे तो शोध उगाच होता. आधी गेमला की लागते का तेवढं बघा, मग खोकी उपसा.

आधी कागद. की बहुधा मॅन्युअलच्या मागच्या पानावर नाहीतर डिस्कच्या कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असते. माळवदाच्या घरात वरून माती झिरपत राहते आणि कसर लागते ती नेमकी स्टिकरखालच्या गोंदाला. स्टिकर सोलायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा तर मुळीच नाही. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि वरून फोटो काढा. शाई उडाली असली तरी दाबाचे ठसे दिसतात. फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवला की आणखी दोन-तीन अक्षरं सुटतात. एका बॉक्सची की तर कागदावर नव्हतीच. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पाकिटाला चिकटलं होतं आणि छपाई पाकिटावर उतरली होती, उलटी. पाकिटाचा फोटो आडवा उलटवला आणि की सरळ वाचता आली.

संशयाची अक्षरं अंदाजाने भरू नका, त्या कीची अक्षरमाला बघा. मायक्रोसॉफ्टच्या त्या काळातल्या पाच-पाचच्या पाच गटांच्या २५ अक्षरी कीमध्ये फक्त २४ चिन्हं येतात. ए, ई, आय, ओ, यू नाहीत, एल, एन, एस, झेड नाहीत, आणि ०, १, ५ हे अंकही नाहीत. म्हणजे 'एस की ५' हा वाद तिथे उद्भवतच नाही, दोन्हीपैकी काही दिसलं तर वाचण्यातच चूक आहे. बी आणि ८, जी आणि ६ मात्र चारही चालतात, तिथे खरा घोळ. क्वेक ३ ची की १६ अक्षरांची आणि चिन्हंही १६च: २, ३, ७ आणि ए, बी, सी, डी, जी, एच, जे, एल, पी, आर, एस, टी, डब्ल्यू. तिथे ८ नाही, म्हणून तसं काही दिसलं तर तो बीच. अशा तीन जागी दोन-दोन पर्याय उरले तर आठ जोड्या होतात, चहा होईपर्यंत हाताने टाकून संपतात. पण अर्धवट राहिलेल्या २५ अक्षरी कीची तीन अक्षरं कसरीने साफ खाल्ली आहेत. २४ गुणिले २४ गुणिले २४ म्हणजे १३,८२४ जोड्या. ते काम सोडून दिलं.

आता हार्डडिस्क, आणि खरा माल तिथेच असतो. गेम एकदा इन्स्टॉल झालेला असेल तर की बहुतेक वेळा रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, बसलेली असते. म्हणून जुना पीसी भंगारात द्यायच्या किंवा फॉरमॅट करायच्या आधी हे करून घ्या. ३.५ इंची आयडीई डिस्क यूएसबी अडॅप्टरला लावताना जंपर (डिस्कमागच्या पिनांवरचं छोटं टोपण) मास्टरवर ठेवा आणि १२ व्होल्टची वेगळी पॉवर जोडा, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. डिस्क टक-टक वाजली तर लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर असलेला बरा.

विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२ मध्ये कॉन्फिग फोल्डर आहे, त्यातली 'सॉफ्टवेअर' नावाची विनाएक्स्टेन्शनची फाइल आपल्या डिस्कवर कॉपी करा. मूळ फाइल थेट उघडायची नाही, कारण लोड करताना विंडोज तिच्यात लिहितं. मग रेजएडिट या विंडोजच्याच रेजिस्ट्री उघडायच्या प्रोग्रॅममध्ये लोकल मशीनवर क्लिक करून फाइल मेन्यूतून लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे रेजिस्ट्रीची फाइल). लोकल मशीन किंवा युजर्स निवडलं नसेल तर हा पर्याय फिकट दिसतो. नाव 'जुना' ठेवलं तर आत थेट कंपन्यांची नावं येतात, मधे सॉफ्टवेअरचा थर नसतो. इथेच बरेच जण गडबडतात.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या गेममध्ये 'ईआरजीसी' नावाची उप-की (रेजिस्ट्रीतला फोल्डर) शोधा, तिची डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणजे सिरीयल. कॉल ऑफ ड्यूटी आणि त्याच्या दुसऱ्या भागात अ‍ॅक्टिव्हिजनखाली 'कॉडकी'. हाफ-लाइफची १३ अंकी की या फाइलमध्ये नसते, ती युजरच्या फोल्डरातल्या एनटीयूजर.डॅटमध्ये वाल्व्हच्या नावाखाली मिळते. ती फाइल लपवलेली असते. क्वेक ३ चं आणखी सोपं: बेसक्यू३ फोल्डरात क्यू३की नावाची फाइल, नोटपॅडमध्ये उघडा, पहिली १६ अक्षरं तीच की. पहिल्या डिस्कवरून अशा चार निघाल्या. डिस्क ६४ बिट विंडोजची असेल तर 'सॉफ्टवेअर' फाइलमधल्या नोंदी तिच्यातल्याच वॉव६४३२नोड या फोल्डरखाली बघायच्या. मायक्रोसॉफ्टच्या गेममध्ये प्रॉडक्ट आयडी दिसला म्हणून हुरळू नका, तो आकडा म्हणजे की नव्हे. काम झालं की 'जुना'वर क्लिक करून अनलोड हाइव्ह.

दुसऱ्या डिस्कवरची सॉफ्टवेअर फाइलच खराब निघाली. रेजिस्ट्री लिहिताना मधेच लाइट गेली की असं होतं. एक्सपीच्या रिपेअर फोल्डरातली प्रत कामाची नाही, ती बहुधा विंडोज टाकलं त्या दिवसाची असते. उपयोगी पडतं सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, विंडोज रेजिस्ट्रीच्या जुन्या प्रती ठेवतं ते फोल्डर: आत रिस्टोर, मग आरपी आणि क्रमांक असलेली फोल्डरं, त्यात स्नॅपशॉट. तिथली 'रेजिस्ट्री मशीन सॉफ्टवेअर' नावाची फाइल तशीच लोड होते. विंडोज परवानगी देत नाही, म्हणून लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता पीसी त्यावरूनच सुरू होतो) कॉपी केली. सहावी की तिथली.

अडकलेल्या एका कीसाठी कंपनीच्या सपोर्टला लिहिलं आहे. डिस्क, मॅन्युअल आणि बिल एकाच फोटोत ठेवा, शेजारी तक्रार क्रमांक हाताने लिहिलेली चिठ्ठी. बिल थर्मल कागदाचं असेल तर ते उन्हाळ्यात कोरं होतं, आजच फोटो काढून ठेवा. मदत मागताना पूर्ण की कुणाला पाठवू नका, शेवटचे दोन गट झाका. की-जनरेटरचा (खोट्या की बनवणारा प्रोग्रॅम) सल्ला देणारे भेटतीलच: त्यातून निघालेली की इन्स्टॉलर खपवून घेतो, ऑनलाइन खेळाचा सर्व्हर नाही, आणि सोबत व्हायरस फुकट.

की मिळाली म्हणजे गेम चालला असंही नाही. सेफडिस्क हे कॉपी रोखणारं कुलूप असलेल्या डिस्क विंडोज १० वर चालतच नाहीत. त्याचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये काढला आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने विंडोज ७ वरही बंद केला. गेमस्पाय या ऑनलाइन सेवेवर अवलंबून असलेला ऑनलाइन खेळ ३१ मे २०१४ ला मिटला. या खेपेतल्या दोन गेमसाठी म्हणूनच एक्सपीचा जुना पीसी वेगळा ठेवला आहे, इंटरनेट न जोडता. त्याचा सीमॉस सेल (मदरबोर्डवरचा, घड्याळ चालवणारा) उतरलाय. सीआर२०३२ टाकून तारीख हाताने लावली की ती टिकेल, मग इन्स्टॉल.