दूध-पोळी बंद करण्याआधी

आज गंगापूर रोडला लेकाची ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) चालू असताना बाहेर एक ताई भेटल्या, अगदी रडकुंडीला आलेल्या. ऑटिझमसाठी गहू आणि दूध दोन्ही बंद करा, असं कुणीतरी सांगितलंय. त्यांचं पोर दूध-पोळीचा काला आणि दहीभात सोडून काही तोंडात घेत नाही. भाजीची वाटी दिसली तरी हाताने लांब सारतं. मग त्याने खायचं काय?

ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) आणि केसीन (दुधातलं प्रथिन) बंद केल्याने ऑटिझम कमी होतो, याला भक्कम पुरावा नाही. सिलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. गव्हाऐवजी ज्वारी-नाचणी आपल्याकडे सहज जमते, पण दूधदही तोडलं की कॅल्शियम कुठून आणणार, हे आधी आहारतज्ज्ञांना विचारा. आणि बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष नको. पोट दुखतंय हे आमच्या कितीतरी मुलांना सांगता येत नाही, ती नुसती चिडतात, रडतात.

मालिश, संगीत खुशाल करा, मूल रमत असेल तर. पण शरीरातले धातू काढून ऑटिझम बरा करतो म्हणणाऱ्या चिलेशनपासून लांबच राहा. २००५ साली अमेरिकेत त्यापायी ५ वर्षांचा मुलगा दगावला. कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.