कूलर बंद करून ऐकलेली बावीस मिनिटं

एम.ए.च्या शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्टसाठी 'संभाषण आणि लिंगभाव' हा विषय मी घेतला तो खरं तर आळसापोटी. आमच्या नागपूरच्या घरात पाच माणसं बोलतातच, रेकॉर्ड करू, कोण कोणाचं बोलणं किती वेळा मध्येच तोडतं ते मोजू, झालं. झिमरमन आणि वेस्ट या संशोधकांचा १९७५ चा आकडा डोक्यात घट्ट बसला होता: स्त्री-पुरुषांच्या ११ संभाषणांत ४८ वेळा मध्येच तोडणं, त्यातली ४६ पुरुषांची. आमच्याकडेही हेच निघणार, फक्त टेबल भरायचं बाकी आहे, असं धरूनच मी चालले होते.

पहिलं रेकॉर्डिंग मे महिन्यातलं. ऐकलं तर नुसता कूलर. बंद ठेवू या म्हटलं तर आत्या म्हणाली, "काऊन वं, जीव घेतं का आमचा?" शेवटी रविवारी सकाळी सातला, तर्री-पोह्यांच्या लाचेवर, अर्ध्या तासाची परवानगी मिळाली. लेखी संमती सगळ्यांची आधीच घेतली होती, मॅडमनी त्याशिवाय फोन सुरूच करू दिला नसता.

फोन टेबलावर ठेवला आणि आत्या बातम्या सांगितल्यासारखी बोलायला लागली. जन्मभर आमच्या बोलीत "करून राहिलो" म्हणणारी बाई "आम्ही करत आहोत" म्हणते! भाषाशास्त्रज्ञ लबोव्ह ज्याला निरीक्षकाचा पेच म्हणतो तो हाच: लोक कोणी पाहत नसताना कसे बोलतात ते हवं असतं, आणि त्यासाठी पाहावं तर लागतंच. पहिली आठ मिनिटं सोडून दिली. उरली बावीस.

ती बावीस मिनिटं कागदावर उतरवायला मला अकरा रात्री लागल्या. बोलणं जसंच्या तसं लिहून काढायची गेल जेफरसनची पद्धत वापरायची होती. दोघांचं बोलणं एकावर एक आलं की चौकोनी कंस, थांबण्याची लांबी कंसात सेकंदांच्या दशांशापर्यंत, लांबवलेल्या स्वरापुढे दोन टिंबं. आता देवनागरीत 'हो' पुढे दोन टिंबं दिली की तो विसर्गच दिसतो. मोठा आवाज कॅपिटल अक्षरांत लिहायचा, तर आपल्याकडे कॅपिटल अक्षरंच नाहीत. शेवटी लांब स्वरासाठी आडवी रेघ आणि मोठ्या आवाजासाठी ठळक अक्षर असा माझा मीच नियम केला आणि तो पहिल्या पानावर लिहून टाकला.

खरी अडचण त्यानंतर आली. तोडणं म्हणजे नेमकं काय? सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांचा १९७४ चा लेख सांगतो की बोलणाऱ्याचं वाक्य कुठे संपू शकेल याचा ऐकणारा अंदाज बांधत असतो आणि त्या जागी आपली पाळी घेतो. आई म्हणते, "काल बर्डीवर एवढी गर्दी", आणि तिच्या 'होती'वरच आत्याचं "हो ना वहिनी, मीही तिथंच". मराठीत क्रियापद शेवटी. 'एवढी गर्दी' ऐकलं की पुढे 'होती' येणार हे पोरालाही कळतं. मग आत्याने तोडलं की साथ दिली? मी आधी आत्याच्या नावावर १९ तोडणी लावली होती. पुन्हा ऐकल्यावर ४ उरली. बीटी या संशोधकाने झिमरमन-वेस्टवर आक्षेप घेतला होता की एखादाच बडबड्या माणूस सगळा हिशेब बिघडवू शकतो. आमच्याकडचा बडबड्या माणूस म्हणजे आत्या.

बाबांनी तर कोणाला फारसं तोडलंच नाही. माझं टेबल रिकामं पडायला लागलं. मग एका रात्री हे ऐकलं:

आई: अहो, वरची टाकी धुवायची आहे.
(२.४)
बाबा: हं.

सहा मिनिटांनी पुन्हा टाकी, पुन्हा उशिराचं "हं". तिसऱ्यांदा तेही नाही. मग भाऊ म्हणतो, "बाबा, टाकीवाल्याला फोन करू का?" आणि एक क्षणही न जाता, "कर ना, नंबर माझ्याजवळ आहे."

पामेला फिशमन या संशोधिकेने तीन जोडप्यांच्या घरी ५२ तास टेप चालवली होती. बायकांनी ४७ विषय काढले, टिकले १७. पुरुषांच्या २९ पैकी २८ टिकले. वाचताना ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. इथे आमची टाकी होती. मी तोडणी मोजत बसले होते आणि विषय मरत होते ते न बोलण्याने.

त्या 'कर ना'ने आणखी एक प्रकरण उडवलं. भाषाशास्त्रज्ञ रॉबिन लेकॉफने १९७५ मध्ये मांडलं की बायका वाक्याला प्रश्नाचं शेपूट (इंग्रजीत 'isn't it?' सारखं) जास्त लावतात आणि त्यातून त्यांचं बिचकणं दिसतं. आपलं तसं शेपूट म्हणजे 'ना', म्हणून मी सगळे 'ना' मोजले. बाबांचे ३१, आईचे १४. पण 'कर ना' ही परवानगी, 'येतो ना मी' हा दिलासा, आणि 'गरम आहे ना?' म्हणजे समोरच्याला बोलण्यात ओढणं. जॅनेट होम्सने इंग्रजी शेपटांचंही असंच काम दाखवलं होतं, ते माझ्या वाचनात उशिरा आलं. ते प्रकरण काढलं, नऊ पानं गेली.

आईला लिहून काढलेलं बोलणं दाखवलं. तिने २.४ वर बोट ठेवलं, "हे काय?" सांगितलं. "एवढंच?" म्हणाली, "मला तर जास्त वाटते."

मसुदा मॅडमकडे गेला. त्यांनी टेबल पाहिलं आणि विचारलं, "माणसं पाच, रांगा चार. तू कुठे आहेस?" मी म्हटलं, मी तर संशोधक. "टेपवर बोलली आहेस ना?"

घरी येऊन पुन्हा हेडफोन लावला. बाबांची तोडणी ३, भावाची ५. माझी ११, त्यातली ९ वेळा आईलाच तोडलेलं.