आमची वाटचाल : टपावरच्या बॉक्सचा धंदा, मुक्काम लेकवुड

आमचं दुकान लेकवुडला आहे, डेन्व्हरच्या पश्चिमेला, आणि इथंच का तर आय-७०. हिवाळ्यात शनिवारी पहाटे पाच-साडेपाचला या हायवेवर नजर टाकलीत तर अख्खं शहर स्कीइंगला डोंगरात पळून चाललंय असं वाटेल. कुणी लव्हलंड, कुणी कीस्टोन, कुणी ब्रेकेनरिज, कॉपर, विंटर पार्कवाले एम्पायरकडे वळून बर्थूड पास चढणार, आणि गाडीमागून गाडी, टपावर काही ना काही बांधलेलं. आम्ही ते टपावरचं बघतो. क्रॉसबार म्हणजे टपावरचे आडवे बार, त्यावर लागणारे स्की रॅक आणि कार्गो बॉक्स म्हणजे सामानाची बंद पेटी, हे विकतो पण, बसवून देतो पण आणि भाड्यानं पण देतो. उन्हाळ्यात सायकली नि कयाक असतात, पण खरं पोट भरतं ते थंडीवर.

मी मूळचा सांगलीचा, मेकॅनिकल इंजिनिअर, बरीच वर्षं इथं नोकरीच केली. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी सोडून स्वतःचं दुकान चालवायला बसता येत नाही हे इथल्या सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत धंदा फक्त शुक्रवारी रात्रीच्या गप्पांमध्येच चालू होता. कार्ड आलं आणि २०१७ मध्ये एलएलसी म्हणजे स्वतःची कंपनी काढली, ती पण रात्री जेवण झाल्यावर, ऑनलाइन, पन्नास डॉलर भरून. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. अर्थात पुढचं काहीच सोपं नव्हतं ते सोडा.

सुरुवात भाड्यानं देण्यापासून झाली, कारण मागणी तिथं होती. आपली मराठी मंडळी स्कीइंग करतात म्हणजे काय, तर ख्रिसमसच्या सुट्टीत एकदा, मार्चच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये एकदा, आणि पोरांना नाद लागला असेल तर मधे एखाद-दोन वीकेंड. त्यासाठी क्रॉसबार, बॉक्स सगळं मिळून हजार ते दीड हजार डॉलर घालायचे आणि मग सात फुटी बॉक्स उरलेलं वर्षभर गॅरेजमध्ये कुठं ठेवायचा यावर घरात वाद. आम्ही दोन बॉक्स घेतले, गॅरेजच्या छताला कप्पी लावून टांगले, मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. ख्रिसमसच्या आठवड्यासाठी दोन बॉक्स आणि विचारणारे पंधरा-वीस. मग हळूहळू बॉक्स वाढत गेले, गॅरेजमध्ये आमचीच गाडी मावेना, शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या, आणि तेव्हा भाड्याचा गाळा घेतला.

या सगळ्यात धंद्याची खरी मेख हळूहळू कळली. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "चांगला बॉक्स कुठला?" आणि आम्ही विचारतो, "गाडी कुठली?" आधी टप, मग बार, मग सामान आणि सगळ्यात शेवटी बॉक्स, हा क्रम आम्ही कधी सोडला नाही. बॉक्स कुठला घ्यायचा हा प्रश्न बहुतेक वेळा तुमच्या गाडीच्या टपानं आधीच सोडवलेला असतो, तुम्हाला फक्त माहीत नसतं.

टपाचे प्रकार बघा. काही गाड्यांना दोन्ही बाजूंनी उंच रेलिंग असतं, खालून हात जाईल असं, त्यावर बार बसवणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. काहींना रेलिंग असतं पण टपाला चिकटलेलं, त्यावर बार धरायला वेगळे पाय लागतात. सेडानला काहीच नसतं, नुसता गुळगुळीत टप, तिथं दाराच्या रबराखाली क्लिप अडकवावी लागते, आणि त्या क्लिपचा किट गाडीचं मॉडेल, वर्ष बघूनच घ्यावा लागतो, एका वर्षाचा दुसऱ्याला बसेलच असं नाही. सुबारू आउटबॅकच्या बऱ्याच मॉडेलला बार रेलिंगमध्येच दुमडून ठेवलेले असतात, बाहेर काढून आडवे लावायचे, इथं कोलोरॅडोत आउटबॅक म्हणजे पुण्यात अॅक्टिव्हा, त्यामुळे आम्हाला ते डोळे मिटून जमतं. आणि टेस्लाचा काचेचा टप आला की लोक घाबरतात, पण त्यांच्या ‘मॉडेल वाय’ गाडीला कडेच्या पट्टीखाली पॉइंट दिलेले आहेत, त्यातच बसवायचं, काचेवर भार येत नाही.

गुळगुळीत टपावर बसवताना मी आजही स्वतः उभा राहतो. चारही दारं उघडायची, पाय बसणार ती जागा स्पिरिटनं पुसायची, कारण मॅग्नेशियम क्लोराइडचा पांढरा थर तिथं असतोच, इथं रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून ते फवारतात. मग क्लिप रबराच्या आत, पत्र्याच्या कडेला नीट बसली का ते बोटानं चाचपायचं, आणि चारही पाय थोडे थोडे, आळीपाळीनं आवळायचे, एकदम एकच बाजू आवळली तर बार तिरका जातो. टॉर्कवाली चावी टक् करते तिथं थांबायचं. शेवटी बार दोन्ही हातांनी धरून जोरात हलवायचा, अख्खी गाडी झुलली पाहिजे, बार नाही. गिऱ्हाईक बघत असतं, त्याला वाटतं हा माणूस गाडी पाडतोय की काय.

आता वजन. बऱ्याच गाड्यांची चालतानाची टपाची मर्यादा ७५ किलोच्या आसपास असते, काहींची त्याहून कमी, गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि ते पान कुणी उघडत नाही. यात बार पण धरायचे आणि रिकामा बॉक्स पण. बार सहा-सात किलो, मोठा बॉक्स वीस-बावीस किलो, म्हणजे सामानाला उरले सेहेचाळीस ते एकोणपन्नास. बाइंडिंगसकट, म्हणजे बूट अडकवायच्या खटक्यासकट, स्कीची जोडी पाच-सहा किलो, चौघांच्या धरा वीस ते चोवीस, पोल वगैरे पकडून सगळं आरामात बसतं. गडबड होते ती बुटांनी. स्की बूट जोडीला साडेतीन-चार किलो, चौघांचे टाकले, त्यावर दोन जड बॅगा आणि जावयाचा स्नोबोर्ड, झालं! आणि गाडी, बार, बॉक्स तिघांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात, त्यात जी सगळ्यात कमी ती आपली.

तसंही बूट टपावर टाकूच नका असं मी सगळ्यांना सांगतो, वजनाचं राहू द्या. रात्रभर नि सकाळभर गारठलेल्या बुटाचं प्लॅस्टिक दगडासारखं होतं, पार्किंगमध्ये त्यात पाय घालताना पोरं रडतात. बूट गाडीत, पायाशी, हीटर चालू. टायरच्या चेन पण गाडीत. इथं आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शन लॉ, म्हणजे बर्फात टायरची पकड हवीच असा कायदा, लागू असतो, टायर धड नसतील तर चेन जवळ लागतात, आणि त्या हव्या असतात तेव्हा भर बर्फवृष्टीत टपावर चढून स्कीच्या खाली शोधत बसायचं का?

रॅक की बॉक्स, हा दुसरा मोठा प्रश्न. नुसता स्की रॅक म्हणजे दोन रबरी जबडे, त्यात स्की चिमटीत धरायच्या, टोकं मागच्या बाजूला ठेवून. स्वस्त, हलका, चढवायला सोपा. दोघंच असाल आणि घरापासून लव्हलंडपर्यंत जाऊन यायचं असेल तर मी रॅकच देतो, बॉक्स विकायचा प्रयत्न पण करत नाही. पण हायवेचा सगळा चिखल नि ते क्लोराइड बाइंडिंगमध्ये जातं, कडा गंजतात, आणि भुसभुशीत बर्फासाठीच्या जाड पावडर स्की असतील तर बाइंडिंग टपाला घासतं का तेही बघावं लागतं. चारजणांचं कुटुंब, दोन रात्रींचा मुक्काम, मग बॉक्स.

बॉक्स घेताना लोक लिटर बघतात. लिटर नंतर, आधी आतली लांबी. बाहेरून दोन मीटर दिसणारा बॉक्स आतून तेवढा नसतो, आणि घरातली सगळ्यात लांब स्की आत सरळ बसली पाहिजे. पोरांच्या बाबतीत आजच्या मापावर घेऊ नका, ती दोन वर्षांत वाढतात, स्की पण वाढतात. याच्या उलट्या बाजूला मागचं दार. हॅचबॅक, एसयूव्हीचं मागचं दार वर उघडतं आणि लांब बॉक्सच्या बुडाला जाऊन आपटतं. एकदा एक ताई नवी कोरी गाडी घेऊन आल्या, बॉक्स दुसरीकडून ऑनलाइन मागवलेला, फक्त बसवून द्या म्हणाल्या. मी मागचं दार हातानं हळूहळू उचलत नेलं, आणि अर्ध्यातच थांबलो. बॉक्स पुढे सरकवला तर बारचं अंतर बसेना, पाठीमागं घेतला तर दार उघडेना. तो बॉक्स परत गेला, त्याऐवजी रुंद पण आखूड बॉक्स बसवला आणि लांब स्की त्यात तिरक्या बसल्या. उलट कुणाला उन्हाळ्यात बॉक्सशेजारी सायकल लावायची असेल तर अरुंद आणि लांब बरा.

कंपन्यांचं विचाराल तर थुले आणि याकिमा दोन्ही ठेवतो. स्वीडनची थुले १९४२ पासूनची, याकिमा अमेरिकेतलीच, वॉशिंग्टन राज्यात सुरू झालेली. जुन्या काळात थुलेचा बार चौकोनी आणि याकिमाचा गोल, त्यामुळे सेकंडहँड घेणाऱ्यांनी क्लॅम्प बघून घ्या, आता दोघांचेही विमानाच्या पंखासारखे चपटे बार आले त्यामुळे वाऱ्याची शिट्टी पण कमी वाजते. माझा कल विचाराल तर बॉक्स दोन्ही बाजूंनी उघडणारा हवा, आणि सगळे लॉक लागल्याशिवाय किल्ली बाहेरच येणार नाही असा हवा. आय-७० वर फ्लॉइड हिलच्या उतारावर झाकण फडफडत जाणारी गाडी ज्यानं पाहिलीय तो याच्यासाठी शंभर डॉलर जास्त देतो.

२०२० मध्ये मात्र आमची पार दांडी गुल झाली. स्प्रिंग ब्रेकसाठी एकूण एक बॉक्स बुक होता आणि १४ मार्चला कोलोरॅडोचे गव्हर्नर जेरेड पोलिस यांनी स्की रिसॉर्ट बंद करायचा आदेश काढला. सगळ्यांचे पैसे परत केले, बायको हिशेब बघते, तिनं दोन दिवसांत सगळ्यांना रिफंड पाठवले आणि मग गाळ्याचं भाडं कसं भरायचं यावर आम्ही बोलायचंच टाळलं. पण उन्हाळ्यात अख्खी अमेरिका घराबाहेर पडली, विमानं नकोत, हॉटेल नकोत, गाडी काढा नि कॅम्पिंगला चला. सायकल रॅक, बार, बॉक्स काही मिळेना, नव्या मालासाठी महिनोन् महिने थांबा. आमच्याकडे भाड्याचे बॉक्स तयार होते. त्या वर्षी आम्ही टिकलो ते त्याच्यावर. पुढच्या हिवाळ्यात लॉजमध्ये बसायला बंधनं, सगळे गाडीतच डबा खाणार, पार्किंगमध्येच बूट घालणार, म्हणजे गाडीत जागा हवी, म्हणजे स्की टपावर. तेव्हापासून घरचा डबा नेणारी मंडळी वाढली, थालीपीठ नि लोणचं कॉपरच्या पार्किंगमध्ये काय लागतं म्हणून सांगू.

आता दुकानात आम्ही दोघं आणि सीझनला दोन कॉलेजची पोरं. काही गिऱ्हाइकांना आम्ही परत पाठवतो, त्याबद्दल बोलणी पण खाल्लीयेत. वर्षातून दोनदाच जाणार असाल तर स्की तिथंच भाड्यानं घ्या, टप रिकामा ठेवा. चार मित्र मिळून जाणार असाल तर मॉरिसनच्या डायनासोर लॉटला, म्हणजे हायवेजवळच्या पार्किंगला, तीन गाड्या लावा नि एकाच गाडीत बसा, बॉक्स एकच पुरतो. आणि सीझन संपला की बॉक्स उतरवा. अमेरिकन सरकारच्या फ्युएल इकॉनॉमीच्या आकड्यांप्रमाणे मोठा बोजड बॉक्स ६५ ते ७५ मैलांच्या स्पीडला मायलेज १० ते २५ टक्क्यांनी पाडू शकतो, इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना तर रेंज कमी झालेली लगेच दिसते. लोक आळसानं ऑगस्टपर्यंत रिकामा बॉक्स मिरवतात आणि मग पेट्रोल महाग झालं म्हणतात.

अजून एक, पार्किंग गॅरेज. बॉक्स लावला की गाडीची उंची मोजून आम्ही एक चिठ्ठी स्टिअरिंगशेजारी चिकटवून देतो, फूट-इंचात. स्वतःच्या घरचं गॅरेज सुद्धा त्यात आलं, रात्री दमून परत आल्यावर दाराचा रिमोट दाबताना टपावर काय आहे ते लक्षात राहत नाही, दर वर्षी एखादा तरी फुटलेला बॉक्स घेऊन येतोच.

यंदा भाड्याचं बुकिंग दसऱ्यापासून घेतोय. दिवाळीच्या आत आलात तर हवा तो साइज मिळेल, थँक्सगिव्हिंगनंतर जे उरलं असेल ते. येताना गाडी घेऊन या, फोटोवर आम्ही काही सांगत नाही, आणि घरातली सगळ्यात लांब स्की पण बरोबर आणा.