मी 'नाही' म्हटलं

मंगळवार, रात्री

आज दातांच्या दवाखान्यात मी खोटं बोलले. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

गुरुवारी दाढ काढायची, म्हणून आधी कागद भरून घेत होते. 'सध्या चालू असलेली औषधे' या ओळीवर रक्तदाबाची गोळी लिहिली, रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन ७५ लिहिली आणि पेन थांबलं. समोरच्या मुलीच्या ते लक्षात आलं असावं. "आणखी काही? आयुर्वेदिक, झाडपाल्याचं वगैरे?" मी म्हटलं, "नाही." तिने तर नेमकं तेच विचारलं होतं. विसरले असं म्हणायलाही जागा नाही.

चक्कर येऊ नये म्हणून घेते त्या जिंकोची, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्यांची, बाटली तेव्हा पर्समध्येच होती. सकाळी एक, रात्री एक, १२० मिलिग्रॅमची. नऊ आठवडे झाले. झाकण उघडलं की वाळलेल्या गवतासारखा वास येतो आणि वेष्टनावर ते मधोमध चिरलेलं, पंख्यासारखं पान. हल्ली ते पान नुसतं दिसलं तरी धीर येतो.

त्याचीच भीती वाटली. सांगितलं तर म्हणतील बंद करा, आणि बंद केलं की पुन्हा ती सकाळ. कूस बदलली आणि छत सरकायला लागलं, मी गादीची कड दोन्ही हातांनी धरून पडून राहिले, ती. त्या दिवशी कुणाला हाक मारली आणि कोण आलं नाही, ते आता नको.

त्या सकाळनंतर कानाची तपासणी झाली होती. कानात आधी ३० अंशांचं पाणी, मग ४४ अंशांचं. उजव्या कानात घातलं तेव्हा सगळी खोली गरगरली, डाव्या कानात घातल्यावर जेमतेम हलली. म्हणजे डावा कान तोलाचं काम नीट करत नाही. ही तपासणी रॉबर्ट बारानी या कानाच्या डॉक्टरची. त्याला १९१४चं नोबेल मिळालं तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. हे वाचून मला रडू आलं होतं. घरात सगळे 'अशक्तपणा आहे, खात जा' म्हणत असताना कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी माझी बाजू घेऊन ठेवली होती, असं वाटलं.

बीटाहिस्टीन या चक्करेवरच्या औषधाने पोटात जळजळ व्हायची, म्हणून जिंकोकडे वळले. आंधळेपणाने नाही. २०१४ सालचा एक अभ्यास वाचला होता. १६० रुग्ण, १२ आठवडे, एका गटाला रोज जिंको २४० मिलिग्रॅम, दुसऱ्याला बीटाहिस्टीन ३२. दोन्ही गटांची भोवळ साधारण सारखीच कमी झाली. पण काहीच औषध नसलेली गोळी घेणारा तिसरा गट त्यात नव्हता, हे मी तेव्हा वाचूनही वाचलं नाही. कानातल्या आवाजासाठी जिंकोचा उपयोग नाही, हे तर २००१मध्येच हजाराहून जास्त लोकांवर दिसलं होतं. माझ्या कानातला सूंऽऽ अजून आहेच.

आणि या नऊ आठवड्यांत मी व्यायामही केलेत. अंगठ्यावर नजर ठेवून मान डावीकडे-उजवीकडे, आधी बसून, मग उभं राहून. एक कान मंदावला तरी मेंदू हळूहळू त्याची सवय करून घेतो, असं कानाच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता कठडा न धरता जिना उतरते, ते गोळीमुळे की अंगठ्यामुळे? श्रेय मी गोळीला देऊन टाकलं. व्यायामाला कष्ट पडतात, पण गोळी सोबत असल्यासारखी वाटते.

पुन्हा तिथेच येतेय. हे औषध आहे असं मी मानते, तर औषधांच्या ओळीत लिहायला हवं होतं. नुसता पाला आहे, तर नऊ आठवडे घड्याळ लावून का घेते? चक्कर थांबवायची ताकद त्यात आहे म्हणायचं आणि रक्तावर परिणाम करायची नाही म्हणायचं, असं दोन्ही कसं चालेल? जिंकोने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी काही दिवस ते थांबवायला सांगतात. त्यात माझी अ‍ॅस्पिरिन. हे सगळं मला माहीत होतं. त्या मुलीला मात्र माहीत नव्हतं, आणि गुरुवारी माझ्या तोंडात कापूस दाबून धरणार तीच.

मगाशी स्वतःची फार कीव आली. तोल गेला की माणूस एकटा पडतो, आपल्याला काय होतंय ते बाहेरून कुणालाच दिसत नाही, वगैरे. मग रात्रीची गोळी हातात घेतली आणि परत बाटलीत टाकली. तसं काही झालं नाही. छत जागच्या जागी आहे. उद्याचं उद्या.

सकाळी दवाखाना उघडला की फोन करायचा. चिठ्ठी लिहून ठेवलीय, नाहीतर पुन्हा घाईत तोंडातून 'नाही' निघेल. 'जिंको, १२० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, नऊ आठवडे, शेवटची मंगळवारी सकाळी.' दाढ पुढे ढकलतील बहुतेक. ढकलू देत. ठणकतेय मात्र.