वाचनपेटी, महिना आठवा: ४१ मधली १४ उरली

मागच्या नोंदीत पेटी भरली म्हणून मिरवलं होतं, ते शब्द मागे घेतो. मी लहान पोरांचा संगीताचा वर्ग घेतो, तिथे वाचायची पुस्तकं या पेटीत ठेवतो. आठ महिन्यांत ४१ पुस्तकं वर्गात वाचून पाहिली, पेटीत आज १४ आहेत. गेलेली वाईट नव्हती. एका पोराला मांडीवर घेऊन निजवताना वाचायला त्यातली कितीतरी छानच आहेत. पण दहा-बारा पोरं, सोबत त्यांची मोठी माणसं, खुळखुळ्यांची टोपली आणि पाऊण तासाचा वर्ग. यात पुस्तकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. तेवढ्यात पोरांच्या तोंडात आणि हातात काहीतरी यायला हवं.

माझी सगळ्यात मोठी चूक आधी सांगून टाकतो. संगीताचा वर्ग म्हणून मी संगीताविषयीची पुस्तकं गोळा करत होतो. वाद्यांची ओळख, वादकांच्या गोष्टी, वाद्यवृंदात कोण कुठे बसतं वगैरे. चित्रं सुरेख. तिसऱ्या पानावर एक पोरगा उठला आणि टोपलीतून खंजिरी काढून वाजवत बसला. त्या खोलीत त्या क्षणी संगीत करणारा तो एकटाच होता. पुढच्या आठवड्यात नेलेल्या पुस्तकात संगीताचं नावही नव्हतं. एक बदक डबकं ओलांडायला निघतं आणि दर पानाच्या शेवटी तीच एक ओळ परत येते. चौथ्या पानापासून ती ओळ पोरांनी माझ्याकडून काढूनच घेतली. तेव्हापासून पुस्तक हातात आलं की मी आधी पालुपद शोधतो, विषय नंतर.

पालुपद असलं की झालं, असंही नाही. मी मांडीवर थाप देत वाचून बघतो. थाप एकसारखी ठेवायची आणि शब्द तिच्यावर आपोआप बसतात का ते पाहायचं. आठ अक्षरांची ओळ आठ मात्रांच्या, म्हणजे आठ ठोक्यांच्या केरवा तालात अलगद बसते, दर मात्रेला एक अक्षर. सहा मात्रांचा दादरा ताल डुलवायला चांगला. गडबड होते ती अनुवादित पुस्तकांत. मूळ भाषेत यमक आणि ताल दोन्ही असतात. अनुवादात शेवटचं यमक जपलं जातं आणि आधीच्या ओळीत जास्तीची अक्षरं कोंबली जातात. पानावर कविता दिसते, म्हणायला गेलं की गद्य निघतं. अशी सहा पुस्तकं बाद केली. त्यापेक्षा सरळ गद्यातली गोष्ट बरी, जिच्यात एखादाच आवाज पुन्हा पुन्हा येतो, टप टप किंवा खडखड. तिथे आपला ठेका आपण धरता येतो.

आता पान उलटण्याबद्दल. चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात, कारण छापील कागदाची घडी १६ पानांची होते आणि अशा दोन घड्या एकत्र शिवतात. नाव-प्रकाशनाची पानं वगळली की गोष्टीला तेरा-चौदा जोडपानं (समोरासमोरच्या दोन पानांच्या जोड्या) उरतात. प्रत्येक जोडपानावर पालुपद असेल तर ते तेवढ्या वेळा म्हणायचं. चार-पाच वर्षांची पोरं शेवटपर्यंत टिकतात, दोन वर्षांची आठव्या-नवव्या वेळी पेंगतात नाहीतर पळतात. म्हणून गोष्ट तुटणार नाही अशी मधली दोन-तीन जोडपानं मी कागदाच्या चिमट्याने बंद करून टाकतो. आजवर एकाही पोराच्या लक्षात आलेलं नाही. मोठ्यांच्या येतं.

पालुपद पानाच्या तळाशी संपत असेल तर पान उलटायला लागणाऱ्या दोन मात्रा आपसूक रिकाम्या मिळतात. त्या रिकाम्या जागेत पोरं टाळी मारतात, कुणी न सांगता. उलट ओळ अर्धी या पानावर आणि अर्धी पुढच्या पानावर असली की ताल हमखास सांडतो. गोष्ट कितीही आवडली तरी असं पुस्तक मी आता घेत नाही.

गायचं किती? सुरुवातीला हौसेने अख्खं पुस्तक गायलो. पोरांनी शांतपणे ऐकलं, चित्रांकडे कुणी पाहिलं नाही आणि गोष्ट काय होती ते कुणालाच सांगता आलं नाही. आता गोष्ट वाचतो, फक्त पालुपद गातो. चाल शक्य तितकी बारीक, बहुतेक वेळा पंचमावरून गंधारावर, म्हणजे प वरून ग वर उतरणारे दोनच स्वर. हंगेरीचे संगीतकार आणि संगीतशिक्षक झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) यांच्या परंपरेत लहान मुलांचं गाणं याच जोडीपासून सुरू करतात. पोरं थोडी मोठी असली की सा रे ग प ध, म्हणजे आपला भूप रागच. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) यांच्या मुलांना संगीत शिकवायच्या पद्धतीतही सुरुवातीला असे पाच स्वर घेतात. त्यांत अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच येत नसल्यामुळे पोरांनी वाद्यावर कुठेही हात मारला तरी कानाला फारसं खुपत नाही.

आवाजाच्या पट्टीने मला बराच त्रास दिला. माझा आवाज खर्जातला, त्यामुळे पोरं खाली उतरायचा प्रयत्न करायची आणि पुटपुटायची. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंतचा पट्टा त्यांना सोयीचा. पालुपद आता तिथेच गातो, गरज पडली तर खोट्या आवाजात. हसतात, पण गातात.

शोधाशोधीबद्दल गेल्या खेपेला काही जणांनी विचारलं होतं. ग्रंथालयात तीन महिने मी ७८० च्या कपाटापुढे घालवले. ग्रंथालयं पुस्तकांना विषयवार क्रमांक देतात त्या ड्युई वर्गीकरणात तो संगीताचा क्रमांक, म्हणजे पुन्हा संगीताविषयीचीच पुस्तकं. माझ्या १४ मधली पाच निघाली ३९८.८ मधून, तिथे बडबडगीतं आणि यमकांचे खेळ असतात. तीन ३९८.२ मधून, लोककथांच्या शेजारातून. साखळीने वाढत जाणाऱ्या गोष्टी तिथे मुबलक. इंग्रजी पुस्तकांच्या सूचीत ‘स्टोरीज इन ऱ्हाइम’ असा विषय टाकून पाहा, चाळायचं काम निम्मं होतं. उरलेलं काम कपाटापुढे उभं राहून मांडीवर थाप देण्याचं. लोक बघतात, बघू दे.

स्टोरीवीव्हरवरून तीन घेतली. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेला हा मुलांच्या गोष्टींचा ऑनलाइन साठा, गोष्टी खुल्या परवान्याच्या. श्रेय देऊन छापता येतात आणि बदलताही येतात, हे माझ्यासाठी जास्त मोलाचं. एका गोष्टीच्या पालुपदात एक अक्षर जास्त होतं. ते काढलं, तळाशी बदल केल्याची नोंद टाकली आणि मोठ्या कागदावर छापून घेतली. अगदी सोप्या, पहिल्या पातळीच्या गोष्टी आधी पाहा.

आकाराचं थोडक्यात: पुस्तक भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसा. चित्रातलं पात्र काय करतंय ते कळलं नाही तर पोरांनाही कळणार नाही. पुठ्ठ्याच्या पानांची छोटी पुस्तकं तान्ह्यांच्या वर्गात एकेका मोठ्या माणसाच्या हाती द्यायला उत्तम, समोर धरून वाचायला निरुपयोगी. झडपा उघडायच्या पुस्तकांची एकदाच चूक केली. रांग लागली, रडारड झाली, ताल गेला.

पेटीत सध्या एक भोक आहे. वर्गाच्या शेवटी खुळखुळे टोपलीत परत गेल्यावर वाचायला संथ पुस्तक लागतं, ज्यातलं पालुपद हळू हळू कुजबुजीपर्यंत उतरेल. असं एकच मिळालंय आणि पोरांना ते पाठ झालंय. परवा शेवटच्या पानाआधीच सगळी डोळे मिटून आडवी झाली, एकीने मात्र मला बजावलं, ‘अजून पान बाकी आहे.’ तुमच्याकडे दुसरं असेल तर कळवा, बेचाळिसावं तेच असेल.